उन्हाळी फळं निवडताना पोराला काय काम द्यायचं

दोन-अडीच वर्षांचं पोर फळबाजारात दोनच गोष्टींकडे धावतं: जे लाल आहे आणि जे चकचकीत आहे. उन्हाळी फळांत नेमक्या याच दोन खुणा फसव्या असतात. आंब्याच्या गालावरची लाली म्हणजे ऊन लागलेली बाजू, पिकलेली नव्हे. आणि चकचकीत सालीचं कलिंगड बहुतेक वेळा कोवळंच तोडलेलं असतं. म्हणून पोराच्या डोळ्यांवर फार भिस्त ठेवू नका. त्याचं नाक, तळहात आणि हुडकायची हौस कामाला लावा. वास घेणं, मऊ की कडक ते सांगणं, दाखवलेली एखादी खूण शोधणं ही कामं दोन वर्षांचं मूल खरोखर करू शकतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात तर ते आणखी सोपं, कारण इथं अजून बरीच फळं जमिनीवर मांडलेल्या बुट्ट्यांतून विकली जातात. बुट्टीच्या काठापर्यंत पोराचं नाक आपसूक पोचतं, वाकावं लागतं ते मोठ्यांना.

एक नियम आधीच पक्का करा. एका फळाला एकच काम. आंब्याला वास, कलिंगडाला पिवळा डाग, चिकूला तळवा. "बघ, वास घे, दाबून बघ, जड आहे का सांग" असं एका दमात सांगितलं की पोर गोंधळतं आणि मग सरळ चावतं.

घरून निघण्याआधी

वास घेणं मुलांना उपजत येतं असं आपण धरून चालतो, पण पुष्कळ मुलं "वास घे" म्हटलं की श्वास आत ओढायच्या ऐवजी नाकातून किंवा तोंडातून फुंकर मारतात. ही सवय बाजारात नाही, घरीच बदलायची. मोगऱ्याचं फूल घ्या, स्वतः तोंड मिटून मोठ्यानं श्वास आत ओढा, मग फूल पोराच्या नाकापासून दोन बोटांवर धरा. दोन-चार दिवस हे खेळा. नंतर एका हातात पिकलेलं केळं आणि दुसऱ्या हातात कच्चं केळं असं आलटून पालटून द्या. दोन्हींना पोराचा चेहरा वेगळा व्हायला लागला की ते बाजारासाठी तयार झालं. बोलता येत नसलं तरी चालतं, चेहऱ्यावरूनच उत्तर कळतं.

तळव्याचं कामही घरीच शिकवायचं. एक बटाटा आणि मळलेल्या कणकेचा एक गोळा घ्या. फळ एका तळव्यावर ठेवायचं आणि दुसरा तळवा वरून अलगद टेकवायचा, बोट खुपसायचं नाही. हे शिकवणं अगदी गरजेचं आहे. अंगठा दाबला की सालीखालचा गर चिरडतो, बाहेरून काही दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशी तिथं काळा डाग पडतो आणि फळ तिथूनच नासायला लागतं. फळवाल्या मावशी पोरांच्या हाताला घाबरतात त्या यामुळेच, आणि त्यांचं बरोबर आहे.

वेळ सकाळची धरा, एप्रिल-मेमध्ये ९ च्या आत. बेळगावच्या गणपत गल्ली, खडे बाजार, मारुती गल्ली या भागात संध्याकाळी दुचाक्या आणि माणसं इतकी असतात की पोराला खाली सोडायची सोय राहत नाही, आणि पोर कडेवर असलं की त्याच्या हाताला काही काम उरत नाही. खाऊ घालून न्या. उपाशी पोर फळ निवडत नाही, मागतं. एका फेरीत दोन फळं बास. वीस-पंचवीस मिनिटांपुढं या वयाचं मूल टिकत नाही, तिसऱ्या फळाला रडारड ठरलेली.

सोबत दोन कापडी पिशव्या असू द्या, एक जड फळांना आणि एक मऊ फळांना. पोराची स्वतःची एक लहान पिशवी वेगळी. तिच्यात त्यानं निवडलेलं एकच फळ जाईल. ओला रुमाल, प्यायचं पाणी आणि टोपी विसरू नका.

बुट्टीसमोर बसल्यावर आधी विचारा: "मावशी, पोराला एक आंबा वास घ्यायला द्या की." मावशी देतील तोच आंबा पोराच्या हातात द्यायचा, त्याला बुट्टीत हात घालू द्यायचा नाही. पोरानं पाडलं किंवा चावलं तर ते फळ निमूट विकत घ्यायचं. विक्रेते कौतुकानं पोराच्या तोंडाशी फोड धरतात तेव्हा "घरी धुऊन देते" म्हणून ती पिशवीत टाका. न धुतलेलं फळ, दिवसभर उघडी असलेली सुरी आणि लहान मुलाचं पोट यांचं जुळत नाही.

आंबा

आपल्याकडे एकाच बाजारात कोकणचा हापूस, धारवाडकडचा आपूस (हापूसचंच तिकडचं नाव), पायरी, रायवळ आणि शेवटी तोतापुरी असे एकामागून एक येतात. प्रत्येकाची पिकल्याची खूण वेगळी आहे. त्यात एक फरक आधी डोक्यात बसवा: तयार आंबा म्हणजे पिकलेला आंबा नव्हे. तयार म्हणजे झाडावर पूर्ण भरलेला, जो घरी ठेवला की पिकेल. कोवळा तोडलेला आंबा कितीही दिवस ठेवा, तो सुरकुततो, मऊ पडतो, पण गोड होत नाही, कारण साखर व्हायला लागणारा पिठूळ अंश त्यात भरलेलाच नसतो.

तयार हापूस ओळखायचा तो खांद्यांवरून. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे देठाच्या वर उचललेले असतात आणि देठ थोडा खड्ड्यात गेलेला दिसतो. कोवळ्या आंब्यात खांदे देठापासून खाली उतरलेले असतात. हे बघायचं काम मोठ्यांचं. खांदे बघून तुम्ही पाच-सहा आंबे बाजूला काढा आणि त्यातला एकेक पोराच्या नाकाशी धरा, देठाकडची बाजू पुढं करून. आंब्याचा वास आधी देठाशी सुटतो, पोटाशी नाही. पोर पुन्हा नाक पुढं आणेल, हात लांब करेल किंवा तोंड उघडेल, तर तो आंबा आज-उद्या खायचा. चेहरा कोराच राहिला तर तो दोन-तीन दिवसांनी. "छी" म्हणून मान फिरवली तर तुम्ही स्वतः वास घ्या. आंबूस, दारूसारखा दर्प येत असेल तर आतून उतरलेला आहे, परत ठेवा. या शेवटच्या कामात मुलं फार तरबेज असतात. आपण भाव ठरवायच्या नादात असतो, त्यांचं नाक मोकळं असतं.

पायरीला खाली चोच असते आणि खांद्यावर लालसर छटा, तर हापूसला चोच नसते. पायरी भरभर पिकते आणि भरभर उतरते, म्हणून दोन दिवसांत संपेल एवढीच घ्या. तोतापुरी पिकली तरी बरीचशी हिरवट-पिवळी आणि कडकच राहते, तिला हापूसचे नियम लावू नका. रायवळ जवारी (गावठी) आंबे लहान असतात आणि पोराच्या दोन्ही तळव्यांत नीट मावतात. मऊ-कडक ओळखायला शिकवायचं तर ते यांच्यावर.

एकसारखे पिवळेधमक आंबे दिसले, देठाशी नाक लावून वास येत नाही आणि हाताला कडक लागतात, तर ते घेऊ नका. कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला देशात बंदी आहे. त्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात आणि लहान मुलाच्या बाबतीत ती जोखीम घ्यायची काहीच गरज नाही. इथिलीन वायूनं पिकवायला मात्र परवानगी आहे, तो वायू फळ स्वतःही सोडतं. त्यामुळे पेटीत एखादी पुडी दिसली म्हणजे ती कार्बाइडचीच असं लगेच म्हणता येत नाही. विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर पुढच्या बुट्टीकडे चला. पोरानं मात्र त्या पुडीला हात लावू नये.

पेटी घेत असाल तर खालचा थर उघडून बघा. वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो.

मे महिन्यात वळीव पडून गेला की पुढचे चार-पाच दिवस जास्त सावध राहायचं. ओल्या हवेत सालीवर काळे ठिपके पसरतात आणि ते पिकताना गरात उतरतात. फळमाशीनं टोचलेला आंबाही याच काळात जास्त येतो: सालीवर टाचणीएवढा ठिपका, त्याभोवती मऊ पडलेली जागा. आत अळी असते. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला "काळा टिपका दाखव" हे काम छान जमतं, फक्त सालीवरच्या मूळच्या बारीक फिकट ठिपक्यांना ते काळा म्हणणार नाही इतकं एकदा दाखवून ठेवा.

साका मात्र बाहेरून कुणालाच कळत नाही. हापूस वरून निर्दोष, वास उत्तम आणि कापल्यावर कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा आंबट गर. यात निवडणाऱ्याची चूक नाही आणि विकणाऱ्याचीही नाही. तेवढा भाग काढून बाकीचा खाता येतो.

घरी आणल्यावर पोराचं सगळ्यात आवडतं काम सुरू होतं. रुंद घमेल्यात आंबा बुडेल इतकं पाणी घ्या आणि हिरवे कडक आंबे एकेक करून पोराला सोडायला सांगा. पूर्ण भरलेला आंबा तळाशी जातो, कोवळा तरंगतो. बागायतदारही ही परीक्षा घेतात. बुडलेले आढीत (गवतात रचून पिकवायला), तरंगलेले लोणच्याला किंवा पन्ह्याला. पोर "बुडूक" म्हणत टाळ्या वाजवेल, पण घमेल्यापासून एक मिनिटही दूर जाऊ नका, आणि खेळ संपल्या-संपल्या पाणी ओतून टाका. या वयाचं मूल चार बोटं पाण्यातही तोंडावर पडलं तर उठू शकत नाही. फोन वाजला तर पोराला काखेत घेऊनच उठा.

आंबे कोरड्या फडक्यानं पुसा. ओलसर आंबा आढीत गेला की देठापासून कुजतो. भाताची कोरडी पिंजर दोन-तीन इंच पसरा, आंबे एकमेकांना चिकटणार नाहीत असे एका थरात लावा, वर पुन्हा पिंजर. घरगुती आढीला दोन, फार तर तीन थर. वरून गोणपाट किंवा जुनं सुती कापड टाका. खोली हवेशीर हवी. पिंजर मिळाली नाही तर भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका आणि वर्तमानपत्र चालतं. प्लास्टिकची पिशवी चालत नाही: आंबा पिकताना ऊब आणि ओल सोडतो, ती आत कोंडते आणि बुरशी धरते. हिरवा तयार हापूस पाच ते आठ दिवसांत पिकतो. घाई असेल तर थरात एक पिकलेलं केळं ठेवा.

दिवसाआड आढी उघडायची आणि पोराला वास घ्यायला बसवायचं. तीन टोपल्या करा: आज, उद्या, नंतर. वास कोणता ते पोर सांगेल, टोपली तुम्ही ठरवा. एक नासका आंबा शेजारच्या चारांना नासवतो, म्हणून तो दिसताक्षणी बाहेर. कच्चा आंबा फ्रिजमध्ये कधीही टाकू नका. साधारण १३ अंशांच्या खाली त्याची पिकण्याची क्रियाच बिघडते, साल करडी पडते आणि नंतर बाहेर काढला तरी चव येत नाही. पूर्ण पिकलेला आंबा मात्र फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो.

खायला देण्याआधी आंबा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा आणि देठाकडचा बोटभर भाग कापून टाका. देठाचा चीक ओठांच्या कडेला लागला की पुरळ उठतो, आणि "आंबा बाधला" म्हणतात ते पुष्कळदा चिकामुळे झालेलं असतं. म्हणून लहान मुलाला आंबा चोखायला देऊ नका, उभी लांबट फोड साल काढून द्या. आंबा पहिल्यांदाच देत असाल तर थोडा द्या आणि त्या दिवशी दुसरं नवं फळ देऊ नका. ओठ सुजले, उलट्या झाल्या किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय न करता थेट डॉक्टरांकडे.

कलिंगड आणि खरबूज

कलिंगड तोडल्यावर पिकत नाही. जसं घ्याल तसंच राहील, म्हणून इथं निवड चुकली की दुरुस्ती नाही.

पोराचं काम: पिवळं पोट शोधणं. वेलीवर असताना कलिंगड ज्या बाजूनं जमिनीला टेकलेलं असतं, तिथं डाग असतो. डाग लोण्यासारखा पिवळसर असेल तर फळ वेलीवर पुरेसं राहिलेलं आहे. पांढरा किंवा फिकट हिरवा असेल तर लवकर तोडलंय. तुम्ही कलिंगड हळूहळू फिरवा, पोर डागावर हात ठेवेल. दोन-तीन कलिंगडं फिरवली की ते स्वतःच "पांडलं" आणि "पिवलं" असा निवाडा करू लागतं. देठाजवळ वळलेला तणावा शिल्लक असेल तर तोही बघा: वाळून तपकिरी झालेला चांगला, हिरवा असेल तर फळ कच्चं. साल मंद, धुरकट हवी. एकाच आकाराची दोन उचला, जड लागेल ते घ्या.

वाजवून बघणं पोरांना फार आवडतं, आणि बिघडत काही नाही, वाजवू द्या. पण त्यावरून ठरवू नका. तळव्यानं थापटल्यावर खोल, घुमणारा आवाज चांगला, उंच टणटणीत आवाज कच्च्याचा, आणि बद्द आवाज जास्त पिकल्याचा. हा फरक कान तयार झालेल्यांनाच कळतो. पिवळा डाग त्यापेक्षा कितीतरी भरवशाचा.

विक्रेता त्रिकोणी तुकडा कापून लाली दाखवत असेल तर एवढं लक्षात ठेवा की असं छेदलेलं कलिंगड त्याच दिवशी संपवावं लागतं. गाडीवरच्या कापलेल्या फोडी पोराला देऊ नका. घरी आणल्यावर अख्खं कलिंगड सावलीत चार-पाच दिवस सहज राहतं. कापण्याआधी साल धुवा, कारण सुरी सालीवरची घाण थेट गरात नेते. कापलेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवा, मेच्या उन्हात ते तासाभरापेक्षा जास्त बाहेर नको. बिया काढून, पातळ लांबट काप द्या.

खरबुजात पुन्हा नाकाचं काम. देठाच्या विरुद्ध टोकाला वास घ्यायचा, तिथंच गोड वास सुटतो आणि तिथंच हलकासा मऊपणा लागतो. जाळीखालचा रंग हिरवा असेल तर कच्चं, पिवळसर झाला असेल तर तयार. जिथं देठ होता तिथं स्वच्छ गोल खळगा असावा. देठाचा तुकडा चिकटलेलाच असेल तर ओढून तोडलंय. खरबूज घरी ठेवून मऊ होतं आणि वासही वाढतो, पण गोडी वाढत नाही. जाळीच्या खाचांत माती आणि जंतू अडकतात, म्हणून ब्रशनं घासून धुवा. हे काम पोराला द्या, मोरीत बसून ते दहा मिनिटं घासत राहील.

द्राक्षं

अथणी, विजयपूर आणि पलीकडं तासगाव, एवढी द्राक्षं आपल्या चहूबाजूंना पिकतात की एप्रिलपर्यंत घरात ती असतातच. पण बाजारात द्राक्षाचं कुठलंही काम लहान मुलाला देऊ नका. गोल, गुळगुळीत, घशाच्या मापाचं हे फळ सगळ्यात जास्त धोक्याचं आहे, आणि सुटा मणी पोर क्षणात तोंडात टाकतं.

निवड तुम्हीच करा. घोस देठाला धरून अलगद हलवला तर मणी गळायला नकोत, देठ हिरवा आणि लवचीक हवा. हिरव्या जातीत मणी किंचित पिवळसर, उजेडात थोडा आरपार दिसणारा, असा घ्या. द्राक्षं तोडल्यावर गोड होत नाहीत. मण्यावरचा सारखा पसरलेला पांढरट थर नैसर्गिक असतो, वाळलेल्या थेंबांसारखे डाग मात्र फवारणीचे असू शकतात. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. पाच वर्षांपर्यंत प्रत्येक मणी उभा चिरून चार तुकडे करूनच द्यायचा. आडवा चिरला तर तुकडा गोलच राहतो आणि धोकाही तसाच.

चिकू

चिकू तळव्यांचं फळ. तयार चिकूवरचा कोंडा बोटानं पुसला की निघतो आणि साल गुळगुळीत लागते, खालचं काट्यासारखं टोक सहज गळतं. शंका असेल तर विक्रेत्याला विचारून नखानं जरासा ओरखडा काढा: आत हिरवं दिसलं तर कोवळा, पिवळट-तपकिरी दिसलं तर तयार. कोवळा चिकू ठेवून सुरकुततो आणि तोंडाला मिठी बसते. तयार पण कडक चिकू तीन-चार दिवसांत सगळीकडून सारखा मऊ होतो, आणि "सगळीकडून" हे पोरानं दोन तळव्यांत फिरवून सांगायचं. एका बाजूनं मऊ आणि दुसरीकडून कडक असेल तर तो मार लागलेला आहे. बियांना टोकाशी आकडा असतो, घशात अडकला तर ओरखडतो. सगळ्या बिया मोजून काढा, आणि मोजायला पोराला घ्या.

खानापूर-जांबोटीकडची फळं

फणसाचं आकारमान बघून पोरं बिचकतात, पण वास घ्यायला लगेच येतात. पिकलेल्या फणसाचा वास हातभर अंतरावरून येतो. काटे एकमेकांपासून दूर झालेले आणि बोथट हवेत, थापटल्यावर पोकळ, बद्द आवाज यावा. पोरानं तळवा काट्यांवर फिरवून "टोचतंय" की "नाही टोचत" एवढं सांगितलं तरी उपयोग होतो. कापा आणि बरका यातला कोणता ते मात्र विकणाऱ्यालाच विचारा. कापताना हाताला आणि सुरीला खोबरेल तेल चोळा, नाहीतर चीक दोन दिवस निघत नाही. लहान मुलाला बरका आणि कापा दोन्हींचे गरे जसेच्या तसे देऊ नयेत. बरका गिळगिळीत असल्यानं सटकन घशात जातो, कापा रबरासारखा, चावून तुटत नाही. आठळी काढून काडीएवढे बारीक उभे काप करा.

करवंदं आणि जांभळं या दोन फळांत मात्र रंग खरं बोलतो, म्हणून इथं पोराच्या डोळ्यांना मोकळीक द्या. पानाच्या द्रोणातली करवंदं घरी परातीत ओता आणि काळी एका वाटीत, लाल दुसऱ्या वाटीत करायला सांगा. अडीच वर्षांचं मूल हे शांतपणे करतं, फक्त शेजारी बसून तोंडाकडे लक्ष ठेवा. काळी, देठाशी पांढरा चीक नसलेली खायची, लाल-हिरवी लोणच्याला. खायची करवंदं मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून धुवा. तीन वर्षांखालच्या मुलाला चाळणीवर चिरडून, बिया आणि साल वेगळी करून नुसता रस-गर चाटवायचा.

जांभळं मृगाच्या आगेमागे येतात. काळीभोर, टपोरी, ताणलेल्या सालीची घ्या. जांभळट-लाल असलेली तुरट लागतात आणि घरी ठेवून गोड होत नाहीत. देठाजवळ बारीक भोक दिसलं तर आत अळी आहे. पावसाचे दोन-चार मोठे झपाटे झाले की अशी जांभळं वाढतात, तेव्हा प्रत्येक जांभूळ चिरूनच द्या. बी काढून गराचे चार तुकडे. जांभळाची साल नाजूक असते, त्यामुळे आणल्या दिवशीच खायची, आणि धुवायची ती खाण्याच्या वेळीच, आधी धुऊन ठेवली की संध्याकाळपर्यंत पाणी सुटून आंबतात. निवडायला बसवताना पोराला जुना सदरा घाला, जांभळाचा डाग पहिल्या धुण्यात जात नाही.